हुबेहूब म्हणजे नक्की किती? पुण्याची जपानी बाग आणि रेप्लिकेशनचे चार प्रश्न

गेल्या काही महिन्यांत पेट देणाऱ्या, प्रपोजल लिहिणाऱ्या बऱ्याच जणांची टिपणं वाचायला मिळाली. त्यातल्या निम्म्याहून जास्त विषयांचा साचा एकच आहे: बाहेर कुठेतरी झालेला अभ्यास घ्यायचा आणि त्याच्या शेवटी ‘ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात’ हे शब्द जोडायचे. यात वाईट काही नाही. झालेला अभ्यास दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करून बघणं, म्हणजे रेप्लिकेशन, हे विज्ञानातलं अत्यंत गरजेचं काम आहे. पण ‘पुन्हा करणं’ म्हणजे नक्की काय पुन्हा करायचं, हा प्रश्न प्रपोजलमध्ये क्वचितच दिसतो.

तो प्रश्न समजावून सांगायला मी आज पेपर घेणार नाहीये. एक बाग घेणार आहे. पुण्यात सिंहगड रोडवर ‘पुणे-ओकायामा मैत्री उद्यान’ आहे. सगळे त्याला पु. ल. देशपांडे उद्यान म्हणतात. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या ‘कोराकुएन’ या तीनशे वर्षांपूर्वीच्या बागेच्या धर्तीवर ती केलेली आहे. ‘पूर्वरंग’मधून मराठी वाचकाला जपानची सफर घडवणाऱ्या पुलंचं नाव तिला मिळालं, हेही छान जुळून आलं. वाशिंदहून जायचं तर लोकलने कल्याण, तिथून पुण्याची गाडी. तिकीट नाममात्र. बाग सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळातच उघडी असते, तेवढं बघून जा.

ही बाग सुंदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. पाण्याचा ओहोळ, लाकडी पूल, छोटे धबधबे, मासे, उतरती हिरवळ, आणि एका उंचवट्यावरून जवळजवळ सगळी बाग नजरेत येते. सिंहगड रोडच्या रहदारीतून आत आल्यावर मन निवतं, यात शंका नाही. पण लोक तिला ‘हुबेहूब जपान’ म्हणतात, आणि माझं समीक्षण त्या एका शब्दाबद्दल आहे. संशोधक म्हणून तुम्ही या शब्दाशी भांडायला शिकलं पाहिजे.

आधी मूळ नीट वाचा

रेप्लिकेशन करणाऱ्याची पहिली जबाबदारी म्हणजे मूळ पेपर पूर्ण वाचणं. नुसता अॅबस्ट्रॅक्ट नाही.

कोराकुएन ओकायामाच्या सरदार घराण्यातल्या इकेदा त्सुनामासा याने बांधून घेतली. काम १६८७ मध्ये सुरू झालं आणि १७०० मध्ये पूर्ण झालं. आसाही नदीच्या पात्रातल्या बेटावर ती आहे, नदीपलीकडे ओकायामाचा काळा किल्ला. क्षेत्रफळ साधारण १३ हेक्टर. कानाझावाची केनरोकुएन आणि मितोची काइराकुएन यांच्यासोबत ती जपानच्या तीन थोर बागांमध्ये धरली जाते. १८८४ मध्ये ती सरदारांकडून ओकायामा प्रीफेक्चरकडे गेली आणि सर्वांसाठी खुली झाली.

आता या ‘मुळा’बद्दलची एक गोष्ट बघा. १९३४ च्या पुरात या बागेचं मोठं नुकसान झालं. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिच्यातल्या बऱ्याच इमारती जळाल्या. आज आपण बघतो ती बाग नंतर पुन्हा उभी केलेली आहे. ती उभी करता आली, कारण जुन्या काळातली चित्रं आणि आराखडे जपून ठेवलेले होते. म्हणजे पुण्याची बाग ज्या मुळाची प्रत म्हणवते, ते मूळसुद्धा नोंदींवरून केलेलं रेप्लिकेशन आहे! लॅब नोटबुक नीट ठेवा असं गाइड का ओरडून सांगतात, ते इथे कळतं. ज्याची पद्धत लिहून ठेवली जाते ते पुन्हा उभं करता येतं. नोंद नसेल तर मागे फक्त आठवण उरते, आणि आठवणीवरून धबधब्याची उंची ठरवता येत नाही.

मग पुण्याच्या बागेला मी चार प्रश्न विचारतो. तुमच्या प्रपोजलला हेच चार विचारा.

प्रश्न पहिला: माप बदललं तेव्हा आणखी काय बदललं?

पुण्याची बाग साधारण १० एकर, म्हणजे ४ हेक्टर. मुळाच्या सुमारे ३० टक्के. हे ऐकून वाटतं, ठीक आहे, सगळं त्याच प्रमाणात लहान केलं की झालं. पण सगळं त्याच प्रमाणात लहान होत नाही.

क्षेत्रफळ ०.३० पट झालं तर लांबी त्याच्या वर्गमुळाएवढी होते, म्हणजे सुमारे ०.५५ पट. तिथली १०० मीटरची वाट इथे ५५ मीटरची. पण वाटेची रुंदी? समोरासमोरून दोन माणसं जायला जेवढी जागा ओकायामात लागते, तेवढीच पुण्यातही लागते. त्यामुळे रुंदी तशीच राहिली तर वाटांचं क्षेत्रफळ ०.५५ पट होतं आणि बागेचं ०.३० पट. भागाकार करा: बागेतला वाटांचा वाटा जवळपास १.८ पट वाढतो. कुंपणाचंही तसंच. परिमिती ०.५५ पट आणि क्षेत्रफळ ०.३०, म्हणजे बागेच्या प्रत्येक चौरस मीटरमागे शहराला लागून असलेली कड १.८ पट. माणसाची उंची, पाऊल, माशाची लांबी, झाडाचा घेर, यांतलं काहीच आकसत नाही.

बागेत फिरणाऱ्याला याचा परिणाम जाणवतो. कोराकुएन ही ‘फिरण्याची बाग’ आहे. चालता चालता दृश्य बदलत जावं, एक तळं झाडाआड जावं आणि पुढच्या वळणावर किल्ला दिसावा, अशी तिची रचना. पुण्यात वळण येण्याआधीच पुढचं दिसून गेलेलं असतं. ‘एका जागेवरून सगळी बाग दिसते’ हे पुण्याच्या बागेचं वैशिष्ट्य म्हणून कौतुकाने सांगितलं जातं. उंचवट्यावरून बाग बघायची सोय मुळातही आहे, पण तिथे ती पुष्कळ दृश्यांपैकी एक. चार हेक्टरांत तेच मुख्य दृश्य होऊन बसतं, आणि आपण फिरणारे कमी, बघणारे जास्त होतो.

यात बांधणाऱ्यांची चूक काढायची नाहीये. भूमितीच तशी आहे. पण तुम्ही ५०० जणांचा सर्वे १५० जणांवर आणता तेव्हा असंच काहीतरी होतं. प्रश्नावली तीच राहते, पण उपगट इतके लहान होतात की मूळ पेपरमधली तुलना करताच येत नाही. नमुना लहान करा, हरकत नाही. पण त्याबरोबर काय लहान झालं नाही, याची यादी करा.

प्रश्न दुसरा: परिणाम कशामुळे येतोय?

‘शांत बाग’ असं सगळे म्हणतात. शांतता कुठून येते?

पहिलं उत्तर सुचतं ते अंतर. रस्त्यापासून लांब आलो म्हणून शांत. हिशेब करून बघू. एका बिंदूतून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने कमी होतो. पण वाहता रस्ता हा बिंदू नसतो, ती रेषा असते. रेषेतून येणारा आवाज अंतर दुप्पट झाल्यावर साधारण ३ डेसिबलनेच उतरतो. ४ हेक्टरांचा चौरस धरला तर बाजू २०० मीटर. रस्त्यापासून २५ मीटरवर उभे असाल आणि चालत २०० मीटरवर गेलात, तर अंतर तीनदा दुप्पट झालं: २५, ५०, १००, २००. म्हणजे घट ९ डेसिबल. आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबलची घट लागते. थोडक्यात, १० एकरांची बाग तुम्हाला फक्त अंतराच्या जोरावर रहदारीपासून सोडवू शकत नाही. भिंत, मातीचे उंचवटे, जमीन यांनी थोडा फरक पडेल, पण जादू होणार नाही.

उरलेलं काम करतं पाणी. ओहोळाच्या खळखळाटात लहानमोठ्या सगळ्या कंप्रता मिसळलेल्या असतात, त्यामुळे तो रहदारीचा आवाज झाकतो. याला मास्किंग म्हणतात. डेसिबल मीटर लावलात तर धबधब्याजवळ आकडा कदाचित वाढलेला दिसेल, तरी तुम्हाला तिथेच जास्त शांत वाटेल. आकडा आणि अनुभव यांतली ही तफावत मला बागेतली सगळ्यात शिकवणारी गोष्ट वाटते. ‘शांतता’ मोजायची म्हणून डेसिबल मोजले, तर तुम्ही चुकीची गोष्ट अचूक मोजाल.

आणि इथेच पुण्याच्या बागेला मी मनापासून दाद देतो. तिच्यातलं पाणी कालव्याचं आहे, ते वाहत संपूर्ण बागेत फिरतं. कोराकुएनमध्येही नदीच्या वरच्या अंगाने पाणी आणून बागभर खेळवलेलं आहे. तिथल्या ‘र्‍यूतेन’ नावाच्या उघड्या मंडपात तर ओहोळ थेट मधोमध वाहतो. पूल जपानी दिसतो, दगड जपानी दिसतात, म्हणून लोक फोटो त्यांचे काढतात. पण मुळाशी खरं नातं आहे ते कालव्याचं. दिसण्यात त्यात काहीच जपानी नाही, काम मात्र तेच करतो. तुमच्या रेप्लिकेशनमध्येही असा एखादा कालवा असेल. तो शोधा. मूळ पेपरमधली प्रश्नावली, सॉफ्टवेअर, आलेखांचे रंग हे पूल आणि दगड झाले. परिणाम ज्या यंत्रणेने घडला ती आधी आणा.

प्रश्न तिसरा: काळ कुठे गेला?

कोराकुएनची ओळख म्हणजे तिची विस्तीर्ण हिरवळ. जपानी बागांमध्ये एवढी मोठी हिरवळ फारशी आढळत नाही. पण ती हिरवळ बारा महिने हिरवी नसते. हिवाळ्यात गवत वाळून पिवळं पडतं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते चक्क पेटवून देतात. सगळी जमीन काळी होते. त्याने किडे मरतात आणि वसंतात नवे कोंब जोमाने येतात. हे बघायला लोक मुद्दाम येतात.

आपल्या शहापूर-मुरबाडच्या वाचकाला हे वाचून काय आठवेल, ते मला सांगायला नको. राब! पावसाळ्याआधी भाताच्या रोपांसाठी शेण, पालापाचोळा, काटक्या अंथरून जमीन भाजायची. तण आणि किडे मरतात, राख मिळते, रोप तरारून येतं. कोराकुएनमध्ये सुरुवातीला बरीच जमीन शेतीची होती, आणि आजही तिथे भाताचं एक छोटं खाचर आहे, लावणीचा सोहळाही होतो. म्हणजे त्या बागेतली जी गोष्ट आपल्याला सगळ्यात आधी कळली असती, ती प्रत करताना मागे राहिली. आली ती कायम हिरवी असलेली हिरवळ, फोटोत दिसते तशी.

फोटोवरून प्रत केली की असंच होतं. फोटोत ऋतू एकच असतो. संशोधनात याला क्रॉस-सेक्शनल डेटा म्हणतात: एका वेळी घेतलेलं चित्र. एका वेळच्या चित्रावरून ‘असं घडत जातं’ हा निष्कर्ष काढू नये, हे आपण पुस्तकात वाचतो. एक काळी पडलेली हिरवळ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे विसरणार नाही.

याच कारणाने मला वाटतं, पुण्याच्या बागेने वर्षातून एक महिना तरी सुकायला हरकत नव्हती. ओकायामाच्या गवताला हिवाळ्याने सुकवलं जातं, पुण्याच्या गवताला उन्हाळ्याने सुकवलं असतं. ते जास्त प्रामाणिक रेप्लिकेशन झालं असतं.

प्रश्न चौथा: चौकटीबाहेर काय ठेवलं?

जपानी बागकलेत ‘शाक्केई’ नावाची कल्पना आहे. शब्दशः, उसनं घेतलेलं दृश्य. बागेबाहेरचा डोंगर, किल्ला, देऊळ बागेच्या चित्रात ओढून घ्यायचं. कोराकुएनने ओकायामाचा किल्ला आणि मिसाओ डोंगर असे उसने घेतले आहेत.

पुण्याच्या बागेने काय उसनं घेतलं असतं? तिच्या मागच्या अंगाला मुठेचा उजवा कालवा आहे, खडकवासल्याहून येणारा. त्यापलीकडे पर्वतीच्या डोंगराचा उतार, आणि त्यावर दाटीने वसलेली जनता वसाहत. २७ सप्टेंबर २०१८ ला याच कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली. पाणी दांडेकर पुलाच्या परिसरातल्या वस्तीत शिरलं, संसार वाहून गेले.

म्हणजे बागेला शांतता देणारा आणि घरं वाहून नेणारा कालवा एकच. ही बागेची चूक नाही आणि मी तसं म्हणतही नाहीये. पण समीक्षकाने हे बघितलं पाहिजे, कारण ‘कोराकुएन’ या नावाचा अर्थच ‘नंतरचा आनंद’. राज्यकर्त्याने आधी लोकांची चिंता वाहावी, सुख नंतर भोगावं, या जुन्या चिनी विचारावरून १८७१ मध्ये हे नाव ठेवलं गेलं. नाव ज्या बागेवरून घेतलं तिचा विचार आणायचा, तर बागेची नजर कालव्याच्या पलीकडे जायला हवी. निदान एक फलक तरी असावा: हे पाणी कुठून येतं, कुठे जातं, वाटेत कोण राहतं.

तुमच्या अभ्यासातही चौकट असते. ‘अभ्यासाच्या मर्यादा’ हा भाग आपण शेवटी दोन ओळींत उरकतो. खरं तर तिथे लिहायला हवं: मी जे बाहेर ठेवलं, ते माझ्या निकालाला पाणी पुरवतंय का?

मग आपल्याकडे काय?

हे सगळं वाशिंदमध्ये बसून लिहायचं कारण आहे. आपल्या पट्ट्यात गृहप्रकल्प वाढताहेत, आणि जाहिरातींत ‘झेन गार्डन’, ‘लँडस्केप्ड लॉन’ हे शब्द आता नवीन राहिलेले नाहीत. उद्या एखादी सार्वजनिक बागही होईल, व्हावीच. तेव्हा प्रत कशाची करणार?

हिरवळीचा हिशेब करू. उन्हाळ्यात गवताला दिवसाला कमीत कमी ४ मिलिमीटर पाणी लागतं असं धरू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. गुणाकार: रोज सुमारे १६,००० लिटर. १० हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर दीड टँकरहून जास्त, फक्त एका एकराला. आणि आपला तालुका कुठला? तानसा आणि भातसा धरणं ज्याच्या पोटात आहेत, ज्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि ज्याच्या कितीतरी गावपाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली जाते. अशा ठिकाणी बारमाही हिरवळ हे जपानचं रेप्लिकेशन नव्हे, आपल्याच अन्यायाची छोटी प्रत आहे.

जपानी परंपरा स्वतः याबाबत स्पष्ट आहे. ‘साकुतेइकी’ हा अकराव्या शतकातला बागांवरचा ग्रंथ. त्याचा सल्ला थोडक्यात असा: नामांकित निसर्गदृश्यं आठवा, पण त्यातलं सत्त्व घ्या आणि जागेचा कल बघून बांधा, दगड जसा बसू मागतो तसा बसवा. म्हणजे तिथले जाणकार ‘हुबेहूब’ मागतच नव्हते.

तो सल्ला वाशिंदला लावला तर काय निघेल? उसनं दृश्य आपल्याकडे फुकट आहे: माहुलीचे सुळके. त्यासाठी इमारत कुठे उभी करायची नाही, एवढंच ठरवायचं. पाणी पावसाचं, चार महिने खळखळणारं आणि नंतर कोरडे दगड दाखवणारं. कोरड्या दगडांतून पाणी सुचवण्याची जपानी बागेची तर स्वतंत्र शैलीच आहे. हिरवळीच्या जागी भाताचं खाचर, आणि वर्षातून एकदा राब. बसायला सावलीचं झाड. अशा बागेत एकही लाल पूल नसेल, तरी कोराकुएनशी तिचं नातं जास्त जवळचं असेल.

आता तुमचं काम. पुढच्या आठवड्यात प्रपोजल उघडा आणि एका पानावर चार रकाने आखा: माप, यंत्रणा, काळ, चौकट. ज्या मूळ अभ्यासावर तुम्ही उभे आहात त्यातून प्रत्येक रकान्यात काय आणलंत आणि काय मागे राहिलं, ते लिहा. एखादा रकाना रिकामा राहिला तर मूळ पेपरचा मेथड्स विभाग पुन्हा वाचा. आणि पुण्याला गेलात तर बाग जरूर बघा. धबधब्याजवळ दहा मिनिटं डोळे मिटून उभे राहा, मग मागच्या कुंपणापर्यंत जा आणि कालवा कुठे आहे ते शोधा.